तोंड मागून बघू

श्रावण सरत आला की नागपूरच्या चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, पाय ठेवायला जागा नसते. घरच्या गणपतीची मूर्ती सांगून ठेवायला गेले होते. निळ्या ताडपत्रीवरून पाणी टपकत होतं, खाली ओल्या मातीचा गार, जरासा कुबट वास, आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले, अजून हात बसवायचे राहिलेले गणपती. मूर्तीचं ठरलं, विसार दिला आणि मागच्या गल्लीत कशीबशी उभी केलेली स्कूटर काढायला आले, तर तिची वाट अडवून चार-पाच पोरं बसलेली. मधोमध बांबूच्या कमच्यांचा भलामोठा सांगाडा आडवा पडलेला. पाय झाले होते, पोटाचं कडं झालं होतं, फासळ्या सुतळीनं करकचून आवळणं चालू होतं. बाजूला तणसाचा ढीग आणि जुन्या पॅन्टींचं गाठोडं. बडग्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीत मारबतींच्या मोठ्या पुतळ्यांसोबत निघणारा आणि शेवटी जाळला जाणारा चेष्टेचा पुतळा. खांद्यांच्या वर मात्र काहीच नव्हतं, नुसता एक लांबलचक बांबू बाहेर आलेला. "यंदा कोणाचा काढून राहिले रे?" मी विचारलं. सुतळीचं टोक दातात धरलेला पोरगा मान वर न करताच म्हणाला, "माहीत नाही ना ताई. आंग बांधून घेऊ आधी. तोंड मागून बघू."

"अरे, पण विषय?"

"विषय काय, पेपरात रोज येऊन राहिला." बाकीचे हसले. एकानं उठून माझी स्कूटर जवळजवळ उचलूनच बाजूला केली, आणि पुन्हा सगळे फासळ्यांना भिडले.

ते वाक्य गांधीगेटपर्यंत माझ्या मागे मागे आलं. जरा रागही आला. कारण माझ्या पर्समध्ये एक वही होती आणि वहीत काही नव्हतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांचं वीस मिनिटांचं नाटुकलं बसवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. एरवी पावसाळा लागता लागता विषय ठरतो, राखीपर्यंत संवाद लिहून होतात. यंदा राखी होऊन गेली, पोळा तोंडावर आला, आणि माझ्याकडे नाव नाही, पात्र नाही, एक वाक्यसुद्धा नाही. बरं, सुचत नाही म्हणावं तर पोटापाण्यासाठी मी जाहिरातींचा मजकूर लिहिते. साड्या, सळया, टू-बीएचके. सळईवर चार ओळी मागा, संध्याकाळपर्यंत देते. त्यासाठी कधी खिडकीबाहेर बघत बसावं लागलं नाही. जिथे पैसे नाहीत, मालक नाही, जे निव्वळ माझं, तिथेच ठणठणाट. याचं काय करायचं ते कळत नव्हतं, आणि इकडे गल्लीतली पोरं बिनतोंडाच्या माणसाच्या फासळ्या खुशाल आवळत होती.

पावसानं दडी मारली की ऑगस्टमधलं नागपूर म्हणजे एक शिक्षाच. कूलर लावावा तर खोलीत दमट वाफ, बंद करावा तर वहीवर कोपराचा ओला ठसा. अशा हवेत मी रोज दुपारी टेबलाशी बसत होते. बसत होते म्हणजे काय, तर आधी पेनं तपासत होते. कोणतं उठतं, कोणतं नाही. मग खण आवरला. कशाच्या ते आठवत नाही अशा किल्ल्या निघाल्या, त्या कुलपांना लावून पाहिल्या. चहा झाला. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला घेतला आणि एकेक काडी अशी निगुतीनं निवडली की सासूबाईंनी येऊन कपाळाला हात लावून पाहिला. लॅपटॉपवर 'नाटक', 'नाटक नवीन', 'नाटक एकदम नवीन' अशा तीन फायली तयार झाल्या. तिन्ही कोऱ्या.

अगदीच काही सुचत नव्हतं, असंही नाही. सुचत होतं की. एक आजोबा आणि त्यांचा हरवलेला चष्मा. हं, बालिश. शाळेला सुटी मिळावी म्हणून पावसाला पत्र लिहिणारी मुलगी. गोड आहे, पण कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. बोलणारी कचरापेटी. नको, प्रत्येक सोसायटीत एक बोलणारी कचरापेटी असतेच. अशी एकेक कल्पना दारात येई, मी तिला आधारकार्ड मागे, आणि ती निघून जाई. दुपार संपता संपता मी म्हणे, आज काही सुचलंच नाही. जर्मन कवी शिलरचा कोर्नर नावाचा मित्र होता. आपल्या हातून काही नवं घडत नाही, अशी त्याची कुरकुर. शिलरनं त्याला १७८८ साली पत्रातून जे कळवलं त्याचा मथितार्थ असा, की तुझी बुद्धी दारातच येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेते. ज्यांचं डोकं चालतं त्यांची बुद्धी आपले पहारेकरी दारावरून काढून घेते, सगळ्यांना गर्दीनं आत येऊ देते, आणि मग सावकाश कोण कामाचा ते बघते. एखादा विचार एकटा असताना अगदी फालतू दिसतो, पण त्याच्या मागून येणारा दुसरा त्याला अर्थ देऊन जातो. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं पत्र, आणि वाचताना वाटावं की या गृहस्थानं आपल्या तीन कोऱ्या फायली पाहिल्यात.

पण पहारेकऱ्याला काढायचं कसं? तो काही सांगून जात नाही. वय वाढतं तसा तो जास्त शिकलेला होतो, आणि चार लोकांनी "छान लिहिता हो" म्हटलं की बढतीच मिळते त्याला. मी पहिल्यांदा मुलांचं नाटक लिहिलं तेव्हा एका बैठकीत लिहून टाकलं होतं. वाईट होतं. पोरं मात्र धो धो हसली होती. आता माझ्याकडून लोकांच्या अपेक्षा आहेत, निदान माझा तसा समज आहे, आणि तो समज टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर पाय पसरून बसलेला असतो.

जाहिरातीच्या धंद्यात याच्यावर एक ठरलेला उतारा आहे. सगळ्यांना एका खोलीत कोंडायचं, पांढऱ्या फळ्यासमोर मार्कर घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, चला, ब्रेनस्टॉर्मिंग करू. ही पद्धत लोकप्रिय केली ती अमेरिकेतल्या अॅलेक्स ऑस्बर्न या जाहिरातवाल्यानंच. नियमही त्याचेच: कोणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत, जितकं अचाट तितकं बरं, संख्या वाढवा, एकमेकांच्या कल्पनेवर चढवा. कागदावर उत्तम. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी चौघांच्या टोळ्या एकत्र बसवल्या आणि तेवढीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या कल्पनांची बेरीज केली, तेव्हा एकेकट्यांची बेरीज जवळजवळ दुप्पट भरली. मला त्यात नवल वाटत नाही. मी ज्या ऑफिसात पूर्वी होते तिथे या बैठकीत नावं कोणी ठेवत नसे, हे खरं. पण साहेबांची भुवई होती. ती एकदा हलली की उरलेला तासभर सगळे साहेबांच्याच पहिल्या कल्पनेची भावंडं जन्माला घालायचे. समोसे चांगले असत, एवढं मान्य करते.

दुसरा उतारा चालण्याचा. हा मला मानवतो. संध्याकाळी सेमिनरी हिल्सला गेलं की जपानी गार्डनच्या बाजूनं चढ लागतो, उन्हानं तापलेला डांबरी रस्ता निवत असतो, मोर ओरडतात, आणि झाडीतून आलेली एखादी गार झुळूक मानेवरून जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेरिली ओपेझ्झो आणि डॅनियल श्वार्त्झ यांनी २०१४ मध्ये यावर प्रयोग छापले. साध्या वस्तूचे नवे नवे उपयोग सांगा, अशा चाचण्यांत चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा सरासरी ६० टक्के जास्त सुचलं. मला आवडलेली गोष्ट वेगळीच. त्यातले काही लोक बंद खोलीत कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालत होते, आणि त्यांनाही सुचत होतं. म्हणजे माझे मोर आणि झुळूक हिशेबात नाहीतच, सगळं श्रेय पायांचं. आणि आणखी एक. जिथे अनेक शब्दांना जोडणारा एकच बरोबर शब्द शोधायचा होता, तिथे चालणारे उलट किंचित मागे पडले. माझ्या बाबतीत तंतोतंत हेच. टेकडीवरून उतरेपर्यंत पदरात सात-आठ कल्पना, आणि घरी येऊन त्यातली एक निवडायची म्हटलं की पाय धुतानाच सगळ्या नाल्यात.

मधल्या काळात काटोलहून मामेभावाचा फोन आला. महालक्ष्म्यांना येशील का, एवढंच विचारायचं होतं त्याला. तो बागेतच उभा होता. फळगळ लागलीय, झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा पडलाय, असं सांगत होता. त्याचं रडगाणं ऐकता ऐकता मी माझं सुरू केलं, आणि बोलता बोलता जरा अलंकारिक झाले. म्हटलं, दादा, मी सध्या ताणावर सोडलेलं झाड आहे असं समज. पाणी तोडलंय, पानं सुकलीत, बहार येईल तेव्हा येईल.

पलीकडे तो बराच वेळ हसला.

त्याचं हसणं कळायला मला माझ्या लहानपणीचा पौष आठवावा लागतो. सुटीत मामाकडे गेलं की दिवाळीत लुसलुशीत असलेली बाग पौषात एकदम केविलवाणी दिसायची. आंबिया बहार धरायचा, म्हणजे झाडं माघात फुलावर आणायची, म्हणून मामानं पाणी तोडलेलं असे. वखर फिरून जमीन उघडी पडलेली, भेगाळलेली, पानं दुपारी वळून नळीसारखी झालेली, काही पिवळी पडून गळालेली. विहिरीत पाणी असून झाडांना द्यायचं नाही, हे आम्हा पोरांना क्रूर वाटे. महिना-दीड महिना असा उपास. हलक्या, मुरमाड जमिनीत तो लवकर लागतो. भारी काळ्या जमिनीत ओल खालून पुरत राहते, म्हणून तिथे वेळ जास्त लागतो, कधी कधी औषध फवारून झाडाची वाढ रोखावी लागते. मग एके दिवशी मामा पाणी सोडायचा. तेही एकदम भरपूर नाही, पहिलं पाणी हलकंच. आणि माघ लागता लागता, रात्री अंगणात खाट टाकून पडलं की बागेकडून असा वास यायचा की बोलणं थांबायचं. संत्र्याच्या फुलाचा वास संत्र्यासारखा नसतो. तो मोगऱ्याच्या जवळचा, पण जरा कडवट, घशाशी येऊन थांबणारा. सकाळी झाडाखाली जावं तर पांढऱ्या पाकळ्यांवर मधमाश्यांचा नुसता घूं घूं आवाज.

एका वर्षी मात्र ताण चालू असताना अवकाळी पाऊस आला. दोन दिवस झिमझिम. आम्ही ओसरीत भजी खात होतो आणि मामा दारात उभा राहून आभाळाला शिव्या देत होता. पुढच्या खेपेला पाहिलं तर बाग काय सुंदर दिसत होती! प्रत्येक फांदीला पोपटी, चमकदार, कोवळी पालवी. मी मामीला म्हटलं, बघ, किती छान झालं. मामी गप्प राहिली. ताण मोडला होता, फुलाऐवजी झाडांनी नवती फेकली होती. त्या वर्षी संत्री नव्हतीच म्हटलं तरी चालेल, आणि मावसबहिणीचं लग्न एक वर्ष पुढे गेलं ते त्याच्यामुळेच, हे फार पुढे कळलं. ती पोपटी बाग अजूनही मला सुंदरच आठवते, आणि आठवली की जरा अपराधी वाटतं.

तर हसणं आवरल्यावर भाऊ म्हणाला, "ताण कोणाले देतेत माहीत हाय का तुले? ज्या झाडाच्या आंगावर पाला हाय त्याले. वर्षभर खत खाल्लं, पाणी प्यालं, खोडात माल भरून ठेवला, त्याले. रोगट झाडाले ताण देशीन तं ते बहार नाही देत, वाळते." मग जरा थांबून, "तू वाचून काय राहिली सध्या? कोणाच्या घरी गेली? कुठं फिरली?"

मी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतं. सकाळी उठून फोन, रात्री निजताना फोन. मधल्या वेळात कामाच्या निमित्तानं फोन. कोणी पाठवलेला विनोद वाचायचा, हसायचं, पुढे ढकलायचा. कुठल्याशा अनोळखी बाईच्या फोडणीचं वरण कसं झालं ते पूर्ण पाहायचं. दिवसभर झिमझिम पडतच असते. जमीन कधी कोरडी होत नाही, आणि कधी नीट भिजतही नाही. आणि उगवतही असतं की काहीतरी, कोणाच्या फोटोखाली चुरचुरीत ओळ, ग्रुपवर हजरजबाबी उत्तर. लोक अंगठे दाखवतात. पोपटी नवती नुसती. माझं पाणी तुटलेलं नव्हतंच मुळी, असं भावाचं म्हणणं नव्हतं, पण मला त्या फोननंतर ते दिसायला लागलं. आणि ताण म्हणजे बसून राहणं नव्हे, हेही. त्या दीड महिन्यात मामा रोज बागेत जायचा. सल कापायचा, खोडाला बोर्डोपेस्ट लावायचा, पानं कितपत वळली ते बोटांत धरून बघायचा.

गणितज्ञ आंरी प्वांकारेची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. एका प्रश्नावर तो पंधरवडाभर झगडला, मग सगळं सोडून सहलीला गेला, आणि कुतांस गावी घोडागाडीच्या बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता त्याच कामातला एक मोठा दुवा सुचला. ही गोष्ट सांगणारे बहुधा पायरीवरच थांबतात, कारण त्यात आपल्याला सहलीला जायचं निमित्त मिळतं. प्वांकारेनं स्वतः पुढे जाऊन सांगितलं होतं की असं अचानक सुचणं त्यांनाच लाभतं ज्यांनी आधी जाणूनबुजून कष्ट उपसलेत, भले ते कष्ट त्या वेळी वाया गेल्यासारखे दिसोत. आणि सुचल्यानंतरही ते तपासून, मांडून बघण्याची मेहनत टळत नाही. काटोलच्या माझ्या भावानं प्वांकारेचं नाव ऐकलेलं नाही. दोघांचं एकमेकांशी जमलं असतं. फोन ठेवताना तो म्हणाला, "अन् बहार आला म्हणून नाचू नको. फूल लाखानं येते, संत्रं शेकड्यानं. बाकीचं गळतेच."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मैत्रिणीच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले. तिच्याकडे वर्षातून या एकाच दिवशी पंचवीस-तीस माणसं असतात आणि ती सगळ्यांना तर्रीपोहे घालते. खाली संदल वाजत होता, त्याचा ठोका गॅलरीच्या कठड्यातून तळहातांना जाणवत होता. "घेऊन जा गे मारबत" म्हणून गल्ली ओरडत होती, खोकला, ताप, महागाई, जे जे नकोसं ते सगळं तिच्या पदरात टाकत होती. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि दोघींचं रूप वर्षानुवर्षं तेच. तेच डोळे, तीच बैठक. यंदा काय नवीन, असं मारबतीला कोणी विचारत नाही. नवीन असायचं ते बडग्यानं. तो तिच्या मागेपुढे, दरवर्षी निराळा, संध्याकाळपर्यंत जळून जाणारा. मला वाटतं त्याचं नशीब फार चांगलं. एक तर त्याला जुन्याचा आधार आहे, सगळं शहर कशासाठी जमलंय ते आधीच ठरलेलं. दुसरं म्हणजे त्याची तारीख हलत नाही. अमावस्या कोणाचा मूड बघून येत नाही. आणि तिसरं, तो टिकायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे घडवणाऱ्याचा हात आखडत नाही. सुमार झाला तरी जळणार, झकास झाला तरी जळणार.

तेवढ्यात तो आला. हातगाडीवर उभा, ओळखू आला तो मानेवरून. अंगाला त्या गाठोड्यातल्या पॅन्टी-शर्टांचे तुकडे, पोट सुटलेलं, आणि खांद्यांवर जिराफाला लाजवील अशी मान. मानेच्या टोकाला छोटंसं डोकं, नाकात दोन मोठाल्या भोकांऐवजी प्लास्टिकचे पाइप. गळ्यात वांग्यांची माळ. छातीवर फलक: 'रस्ता झाला सिमेंटचा, घर झालं तलाव'. ज्यांच्या दारासमोरचा सिमेंट रस्ता उंबऱ्याच्या वर गेलाय आणि पहिल्या पावसात ज्यांची गादी तरंगलीय, ते सगळे गॅलरीत पोट धरून हसत होते. माझी मैत्रीण तर डोळे पुसत होती, तिच्या तळघरातली धान्याची कोठी गेली होती.

खाली उतरून गर्दीत त्या पोराला गाठलं. तो घामानं निथळत होता, तोंडाला गुलाल.

"मान कशी सुचली रे?"

"सुचते काय ताई! बांबू लांब होता. आणलेला कापा कोण? मग सगळे म्हणे, एवढी मान काहून? तं एक जण बोलला, घरात पाणी घुसलं तं नाक वर पाहिजे न. बस्स."

मग त्याला गाडी ओढायला हाक आली आणि तो गेला.

याच्यावर मी तिथेच, पोह्याची प्लेट हातात घेऊन, बराच विचार केला. सांगाडा आधी बांधला नसता तर मान लांब झाली नसती. बांबू कापायचा आळस नसता तर नाक वर ठेवायचं कोणाला सुचलं नसतं. आणि घराघरात पाणी शिरलेलं त्यांनी महिनाभर भोगलं नसतं तर नुसत्या बांबूनं काय होणार होतं? विषय डोक्यात ठरवून मग हात लावायचा, हा जो माझा शिष्ट क्रम होता, तो या गल्लीत कोणाला माहीतच नव्हता. शिवाय येलवाल्या संशोधकांचं इथे कसं लावायचं? ही तर पाच जणांची टोळी. पण त्यांच्यात भुवई उचलणारा साहेब नव्हता, आणि फळ्यासमोर रिकाम्या हातांनी कोणी उभं नव्हतं. प्रत्येकाच्या हातात सुतळी होती. बोलणं मध्ये मध्ये, काम चालू असताना. पानठेल्यावर चालतं तसं, एकानं टाकलेली गोष्ट दुसऱ्यानं खेचायची, तिसऱ्यानं त्याची खिल्ली उडवायची, आणि खिल्लीतच कामाचं काहीतरी निघायचं. नावं ठेवायची नाहीत हा ऑस्बर्नचा नियम त्यांनी पाळला असेल असं मला मुळीच वाटत नाही.

त्याच संध्याकाळी मी वही घरी ठेवून पार्किंगमध्ये उतरले. बी-विंगमध्ये कोणाचा तरी नवा फ्रिज आला होता, त्याचं माणूसभर उंचीचं खोकं मीटरच्या खोलीपाशी उभं होतं. दहा-बारा पोरं लगेच जमली. "काकू, नाटक कोणतं?" म्हटलं, माहीत नाही, आधी खोकं रंगवू. त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांना उलट हेच नाटक वाटलं. रंग कोणता, तर ग्रिल रंगवून उरलेला चंदेरी, तेवढाच डबा होता. ब्रश दोन, बाकीच्यांनी हातांनी रंगवलं. सगळं चंदेरी झाल्यावर एका मुलीनं पुढून मधोमध एक रेघ मारली, आणि तिसरीतला एक चष्मेवाला लगेच म्हणाला, "लिफ्ट!"

आमच्या सोसायटीची लिफ्ट आठवड्यातून एकदा बंद पडते. तिच्यात अडकला नाही असा माणूस आमच्याकडे नाही. मला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पोरं एकदम खोक्यात घुसली आणि अडकायला लागली. ए-विंगचे नानाजी अडकले, त्यांची काठी आडवी अडकली. भाजीची पिशवी घेऊन एक काकू अडकली, तिच्या पिशवीत आख्खा फणस. पिझ्झा देणारा अडकला आणि तीस मिनिटं झाली तर पिझ्झा फुकट का, यावर आतल्या आत भांडण जुंपलं. अंधारात भूक लागल्यावर सगळ्यांनी मिळून तो खाल्ला, फणस कापायला चाकू कोणाकडे नव्हता. यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. मी नुसती कागदावर उतरवत होते, आणि पहारेकरी कुठे गेला होता कोण जाणे. बहुधा चंदेरी रंगाचे हात धुवायला.

एक मुलगा आहे आमच्याकडे, स्टेजवर बोलायचं म्हटलं की रडतो. दरवर्षी त्याला झाड करते. यंदा त्याला म्हटलं, तू लिफ्ट हो. खोक्याच्या मागे उभा राहा, दार उघड, बंद कर, आणि तुला वाटेल तेव्हा अडक. यात बोलायचं काही नाही, पण सगळ्यांचा जीव त्याच्या हातात. पहिल्या तालमीला त्यानं दार बंद केलं ते उघडेचना. आतून पोरं ओरडतायत, बाहेर मी "अरे उघड" म्हणतेय, आणि मागून त्याचं खुसखुसणं ऐकू येतंय. त्याला हे असं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग नाटकातला तो भाग तसाच ठेवला.

पूर्ण झालं असं नाही. त्या रात्री कागदावर उतरलेल्यातलं निम्मं दुसऱ्या सकाळी काढून टाकलं. पिझ्झ्यावरचं भांडण फार लांबत होतं. फणस राहिला. नानाजींचं एक भाषण मी स्वतः घातलं होतं, एकत्र राहण्याचं महत्त्व वगैरे, ते दुसऱ्या तालमीला पोरांनी परस्पर गाळलं आणि मीही मागितलं नाही. शेवटाचं अजून ठरत नाहीये. लिफ्ट शेवटी वर जाते की खाली, यावर दोन तट पडलेत. चष्मेवाल्याचं म्हणणं, ती आडवी जाते. आडवी म्हणजे कशी, तर खोक्याच्या तळाला भोकं पाडायची, आतले सगळे चालायला लागतील आणि अख्खी लिफ्ट प्रेक्षकांतून निघून जाईल. मला हे फार आवडलंय, पण गणपतीच्या मंडपात मधून वाट किती सोडतात ते खुर्च्यावाल्याला विचारायला हवं. खोक्याची एक बाजू फाटलीय, चिकटपट्टी आणायचीय. आणि आज दुपारी फणसवाल्या काकूच्या आईचा मेसेज आलाय, की आमच्या पिहूला वाक्यं कमी आहेत, लिफ्टला तर टाळ्या जास्त पडतात.

तिच्यासाठी काहीतरी शोधते. फणसालाच बोलायला लावलं तर?